पोरीला अजून पाळी आली नाही?

मैत्रिणींनो, हप्ता-व्याजाचा हिशोब आपण बैठकीत मोठ्याने करतो. पण मागच्या महिन्यात सगळ्या उठून गेल्यावर एका ताईने हळूच विचारलं, "सोळा सरली पोरीची, अजून पदर आला नाही. स्थळं येतायत. लग्न झालं की येईल ना पाळी?"

नाही हो ताई. लग्नाने पाळी येत नाही. आणि अठराच्या आत लग्नाचा विषयच नको.

बहुतेक मुलींना बारा-तेराव्या वर्षी पाळी येते. पंधरा पूर्ण झाली तरी आली नाही, किंवा तेरा झाली तरी छातीची वाढच सुरू नाही, तर डॉक्टरांना दाखवायचं. कधी अंगात ताकद नसते, कधी थायरॉईड असतो, कधी आईलाही उशिराच आलेली असते. पण काही मुलींत कारण जन्मापासूनचं असतं.

एखादी पोर दर महिन्याला पोट धरून लोळते, पण अंगावरून काही जात नाही. तिची पाळी आतल्या आत येत असू शकते. योनीमार्गाच्या तोंडावरचा पडदा पूर्ण बंद असला तर रक्त साठत राहतं. छोट्या शस्त्रक्रियेने वाट मोकळी होते. वेळेत झाली तर पुढे मूल व्हायला सहसा अडचण येत नाही. "जंत असतील" म्हणून महिने घालवू नका.

दुसरा आजार आहे एमआरकेएच. साधारण पाच हजार मुलींत एखादीला असतो. छाती वाढते, अंग भरतं, पण पाळी नाही, कारण गर्भपिशवीच तयार झालेली नसते किंवा अगदी बारीक असते. योनीमार्गही आखूड असतो. अंडाशय मात्र चांगले असतात. ती पूर्ण बाईच असते. हे सगळं आईच्या पोटातच ठरलेलं असतं. खाण्यापिण्याने नाही, ग्रहणाने नाही, कोणाच्या नजरेनेही नाही. पिशवीच नसेल तर पाळी आणायच्या गोळ्या किती खाल्ल्या तरी पाळी येणार नाही. अशा मुलींपैकी काहींना एकच मूत्रपिंड असतं, म्हणून तेही तपासून घ्या. योनीमार्गावर उपचार आहेत, पण तिची स्वतःची तयारी झाल्यावरच. घाई नको.

मूल? तिची बीजं तिचीच असतात. 2021 च्या सरोगसी कायद्यात पिशवी नसलेल्या बाईला दुसरीच्या पोटी मूल वाढवायची वाट आहे, पण अटी आणि खर्च बराच. दत्तक घेता येतं. 2017 साली पुण्यात एका आईने आपली पिशवी लेकीला दिली, तशी शस्त्रक्रिया झाली. आपल्यासारखीला ते अजून लांबचं आहे, हे खरं.

उंची खुंटली, छातीही वाढली नाही, तर टर्नरची शंका घेतात. दोन-अडीच हजारांत एक मुलगी अशी असते. अंडाशय काम करत नाहीत. हाडांसाठी संप्रेरकांचं औषध लागतं आणि हृदयही तपासावं लागतं.

आयांना भीती असते, आतून तपासतील. सोनोग्राफी पोटावरून होते, आणि बहुतेक वेळा सुरुवातीला तेवढी पुरते. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यातल्या बाई डॉक्टरांशी बोला, नाहीतर आशाताईला घेऊन ग्रामीण रुग्णालयात जा. जाताना मुलीचं वय, दर महिन्याला दुखतं का, आणि आईला पाळी कधी आली, एवढं कागदावर लिहून न्या. रिपोर्ट आला की पहिल्यांदा मुलीला सांगा, सोयऱ्यांना नाही. लग्न ठरवायचं झालं तर मुलाकडे काय आणि कधी सांगायचं, ते तिच्याशी बोलून ठरवा. लपवून लग्न लावलं आणि "वांझ" म्हणून माहेरी पाठवली, तर भोगायचं तिलाच आहे.

त्या ताईसोबत येत्या गुरुवारी आमच्यातल्या दोघी रुग्णालयात जाणार आहेत. आणखी कोणाला यायचं असेल तर बुधवारपर्यंत सांगा. नाव वहीत लिहिणार नाही.