दोन वर्ल्ड कप, मग तारे चार कसे?

प्रश्न : वर्ल्ड कप आला की आमच्या कोल्हापुरात पेठापेठांतून ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. मला मात्र उरुग्वेचं कोडं पडलंय. या संघानं वर्ल्ड कप दोनदाच जिंकला, तरी जर्सीवर तारे चार. हे कसं? आणि एवढ्याशा देशाला हे जमलं तरी कसं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चारही तारे हक्काचे आहेत, असं मी ठामपणे म्हणेन. दोन तारे १९३० आणि १९५० च्या वर्ल्ड कपचे, तर उरलेले दोन १९२४ आणि १९२८ च्या ऑलिंपिक सुवर्णपदकांचे. त्या काळी वर्ल्ड कप सुरूच झाला नव्हता. ऑलिंपिकमधल्या फुटबॉलला हौशी खेळाडूंची जागतिक स्पर्धा मानायचं, असं फिफानं १९१४ मध्येच ठरवलं होतं. १९२४ ला पॅरिसमध्ये २२ संघ उतरले. पहिल्या वर्ल्ड कपला आले फक्त १३. मग पॅरिसचं यश कमी का मोजायचं?

तिथे पहिल्याच सामन्यात उरुग्वेनं युगोस्लाव्हियाला ७-० नं हरवलं आणि अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडला ३-० नं. कर्णधार होता संगमरवर कापण्याचं काम केलेला होझे नासासी. मधल्या फळीत होझे लेआंद्रो आंद्रादे हा कृष्णवर्णीय खेळाडू. त्याचा खेळ पाहून पॅरिस अक्षरशः वेडं झालं. चार वर्षांनी ॲमस्टरडॅमला अंतिम सामन्यात अर्जेंटिनाशी १-१ अशी बरोबरी झाली. सामना पुन्हा खेळवला, तो उरुग्वेनं २-१ नं जिंकला.

मग १९३० चा पहिला वर्ल्ड कप भरला तो उरुग्वेतच, देशाच्या पहिल्या राज्यघटनेच्या शताब्दीला. राजधानी मोंतेविदेओत त्यासाठी 'सेंतेनारिओ' म्हणजे शताब्दी स्टेडियम उभं राहिलं. त्याच्या दोन स्टँडची नावं आहेत 'कोलोंब' आणि 'ॲमस्टरडॅम'. पॅरिसजवळच्या कोलोंबमध्ये १९२४ चा अंतिम सामना झाला होता. म्हणजे जर्सीवरच्या त्या दोन ताऱ्यांचा हिशेब सिमेंट-काँक्रीटमध्येही लिहिलेला आहे.

इथल्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा अर्जेंटिनाच. चेंडू कोणाचा वापरायचा यावरूनच वाद झाला. शेवटी पहिल्या सत्रात अर्जेंटिनाचा आणि दुसऱ्यात उरुग्वेचा चेंडू, असा तोडगा निघाला. मध्यंतराला अर्जेंटिना २-१ नं पुढे होती, उरुग्वेनं ४-२ नं सामना मारला. शेवटचा गोल हेक्तोर कास्त्रोचा. लहानपणी विजेच्या करवतीत त्याचा एक हात कोपराखाली तुटला होता. सेंतेनारिओवरच्या उद्घाटनाच्या सामन्यातला एकमेव गोलही त्याचाच.

चौथा तारा १९५० चा. रिओच्या माराकाना स्टेडियमवर पावणेदोन लाखांहून जास्त प्रेक्षक होते आणि यजमान ब्राझीलला नुसती बरोबरी पुरेशी होती. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच ब्राझीलनं गोल केला. तेव्हा उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ वारेला चेंडू काखेत मारून ऑफसाइडसाठी पंचांशी हुज्जत घालत राहिला. गोल रद्द होणार नव्हता, पण मैदानावरचा जल्लोष थंडावला आणि सहकाऱ्यांना दम घेता आला. मग स्किआफिनो आणि गिजा यांनी एकेक गोल केला. २-१.

आता तुमचा दुसरा प्रश्न. उरुग्वेची लोकसंख्या आजही ३५ लाखांच्या आसपास आहे, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या तुमच्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा कमीच. पण तयारी फार आधीची. ब्रिटिश रेल्वे कर्मचाऱ्यांनी आणि शाळांनी तिथं फुटबॉल रुजवला. १९११ मध्ये सरकारनं शारीरिक शिक्षणासाठी राष्ट्रीय आयोग नेमला आणि वस्त्यावस्त्यांत सार्वजनिक क्रीडांगणं तयार होऊ लागली. शिवाय संघाचं दार सगळ्यांना उघडं होतं. १९१६ च्या पहिल्या दक्षिण अमेरिकन स्पर्धेत ग्रादिन आणि देल्गादो हे कृष्णवर्णीय खेळाडू उरुग्वेकडून खेळले. ४-० नं हरलेल्या चिलीनं 'आफ्रिकन खेळवले' अशी तक्रार केली, पण ती टिकली नाही आणि स्पर्धा उरुग्वेनंच जिंकली. गरिबाच्या, कामगाराच्या, कोणत्याही रंगाच्या पोराला खेळायला जागा मिळाली की छोटा देशही मोठा होतो. उरुग्वेचा इतिहास मला आवडतो तो यासाठी.

जाता जाता तुमच्या पेठेपुरतं. १९५० मध्ये ब्राझील पांढऱ्या जर्सीत खेळला होता. त्या पराभवानंतर ती जर्सी लोकांना नकोशी झाली आणि एका वृत्तपत्रानं नव्या जर्सीसाठी स्पर्धा घेतली. त्यातूनच आजची पिवळी जर्सी आली. तिचा आराखडा करणारा तरुण आल्दिर श्ली उरुग्वेच्या सीमेलगतच्या गावात वाढलेला होता. तेव्हा पुढच्या वर्ल्ड कपला पेठेत पिवळ्या जर्सीतली पोरं दिसली, की त्यांना उरुग्वेच्या चौथ्या ताऱ्याची गोष्ट जरूर सांगा.