जुन्या डिझेल ट्रकच्या इंधनमार्गातील हवा

पुरंदर तालुक्यातून तुर्भे येथील घाऊक बाजारात मटार घेऊन येणारा एक जुना ट्रक गेल्या पावसाळ्यात जुईनगरजवळ शीव-पनवेल मार्गाच्या कडेला अडकलेला पाहण्यात आला. चालकाने तासभर विश्रांतीसाठी इंजिन बंद केले आणि पहाटे 3 वाजता ते पुन्हा चालू होईना. बाजार हाकेच्या अंतरावर, पण पोत्यांतील ओला मटार तापू लागलेला. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली, आणि जमलेल्या मंडळींनी 'पंप गेला' असा निकाल देऊन टाकला. वस्तुतः पंप उत्तम होता. गाडीने 'एअर घेतली' होती.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापवावयाची व त्या तप्त हवेत डिझेलचा सूक्ष्म फवारा सोडावयाचा, एवढ्यावर ते चालते. जुन्या इंजिनात नोझल उघडण्यास वातावरणाच्या सुमारे 200 पट दाब लागतो. डिझेल सहसा दबत नाही, हवा मात्र दबते. म्हणून नळीत बुडबुडा शिरला की पंपाचे सारे बळ त्यातच जिरते व नोझल उघडत नाही. जोडातून डिझेल गळत नाही, यावरून तो घट्ट आहे असे मानू नये. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या भागात ओढ असते. तेथील फटीतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत येते, आणि गाडी उभी असता डिझेल हळूहळू टाकीकडे परतते. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी त्रास देते व हातपंप मारताच चालू होते, तेव्हा हाच दोष बहुधा असतो.

प्रथम धुराकडे पाहावे. सेल्फ मारताना मुळीच धूर न आल्यास डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. पांढरा धूर आल्यास डिझेल पोहोचते पण जळत नाही. अशा वेळी बॅटरी, कॉम्प्रेशन व पंपाचे टायमिंग तपासावे लागते. धूर नसल्यास इंजिन बंद करण्याची तार अडकून पंपाचा दांडा बंद स्थितीतच राहिला नाही ना, हे आधी पाहावे. ही क्षुल्लक गोष्ट पाहावयाची पुष्कळदा राहून जाते.

मग हवा काढावी. फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून फीड पंपाचा हातपंप मारावा. फेसाळ डिझेल येईल. बुडबुडे थांबून अखंड धार लागली की धार चालू असतानाच स्क्रू आवळावा. तेच मुख्य पंपाच्या स्क्रूवर करावे. त्यानंतर दोन नोझलांकडील नळ्यांचे नट किंचित सैल करून सेल्फ मारावा व डिझेल आल्यावर आवळावेत. सेल्फ एका वेळी 10-15 सेकंदांहून अधिक मारू नये. मध्ये मिनिटभर थांबावे. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कदापि धरू नये, तो कातडीत शिरतो व इजा गंभीर होते.

हवा काढल्यावर गाडी चालू झाली म्हणजे दोष गेला असे नव्हे. हवा शिरण्याची वाट शोधावयास हवी. फीड पंपाची ओढनळी स्वच्छ डिझेलच्या डब्यात सोडून गाडी चालवून पाहावी. त्रास थांबल्यास दोष टाकी वा तिच्या नळीत आहे. न थांबल्यास फीड पंप, फिल्टरचे झाकण व तांब्याचे वॉशर पाहावेत. आवळून दबलेला जुना वॉशर पुन्हा वापरण्याची काटकसर महागात पडते. उपरोक्त ट्रकमध्ये टाकीकडील रबरी नळी क्लिपखाली तडकली होती. तेवढा तुकडा कापून नळी पुन्हा बसविली, हवा काढली, शेजारच्या ट्रकची बॅटरी जोडून सेल्फ मारला, आणि उजाडण्यापूर्वी मटार बाजारात गेला.

मुख्य पंप मात्र रस्त्यावर उघडू नये; त्याचे मोजमाप चाचणी-बाकावरच होते. तसेच कॉमन रेल पद्धतीच्या नव्या गाड्यांच्या उच्चदाबाच्या नळ्या वरील रीतीने सैल करू नयेत. त्यांतील दाब अनेक पटींनी अधिक असतो.