चंद्रग्रहण आणि बौद्ध घर



घरातील मूर्ती आणि तसबिरी विसर्जित करणे एका दिवसाचे काम आहे. मनात बसलेली भीती मात्र एका दिवसात जात नाही. ती एरवी दिसत नाही, ग्रहण लागले की बाहेर येते. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा असते, पण त्या रात्री गरोदर सुनेला आतल्या खोलीत कोंडतात. तिच्या हाती सुरी-कात्री देत नाहीत, तिला उपाशी ठेवतात. रांधलेले अन्न बाहेर टाकतात. पाण्याची टंचाई पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या आपल्या सोलापुरातही भरलेली घागर ओतून देणारी घरे आहेत. म्हणून या पाठात चंद्रग्रहणाचा विचार करू.

राहू-केतू चंद्राला गिळतात, ही कथा आपल्याला फार महाग पडलेली आहे. राहू-केतूंचे नाते मांग-महारांशी जोडले गेले आणि ग्रहणाचे दान घेणे हे त्यांचे काम ठरले. ‘दे दान, सुटे गिराण’ अशी आरोळी देत आपले वाडवडील दारोदार फिरत. वर्षभर ज्यांची सावली नको, त्यांच्या पदरात त्या रात्री दुसऱ्यांचे अशुभ टाकले जाई. आरोळी थांबली, पण तिच्या मुळाशी असलेली समजूत आपण घरात पाळत असू, तर अर्धी गुलामी अजून शिल्लक आहे.

आता प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. ७ सप्टेंबर २०२५ रोजी, भाद्रपद पौर्णिमेला, खग्रास चंद्रग्रहण झाले. सोलापूरसह साऱ्या भारताच्या आकाशात ते घडले. रात्री ९ वाजून ५७ मिनिटांच्या सुमारास चंद्राची पूर्वेकडची कड काळवंडू लागली. ११ वाजून १ मिनिटाच्या सुमारास चंद्र पूर्णपणे सावलीत गेला आणि सुमारे ८२ मिनिटे सावलीतच राहिला. त्या वेळी सोलापुरात तो आकाशात उंच, किंचित दक्षिणेकडे होता. मध्यरात्रीनंतर १२ वाजून २३ मिनिटांच्या सुमारास पुन्हा उजेडाची कड फुटली आणि दीडच्या आत गडद सावली सरली. ज्यांनी दान दिले नाही, स्नान केले नाही, त्यांच्यासाठीही चंद्र त्याच मिनिटाला सुटला.

याचे कारण साधे आहे. सूर्याच्या उजेडात पृथ्वीची सावली मागे सुमारे १४ लाख किलोमीटरपर्यंत पसरते. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर आहे. तो त्या सावलीतून गेला की ग्रहण होते. चंद्राची वाट सुमारे ५ अंशांनी कललेली असल्यामुळे बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण नसते. सावलीत असतानाही तो तांबूस दिसतो, कारण पृथ्वीभोवतीच्या हवेतून वळलेला लाल उजेड त्याच्यावर पडतो. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या आपल्या ग्रंथात ग्रहण हे सावलीमुळे होते असे सांगितले होते. ज्ञान होते, पण ते आपल्या वस्तीपर्यंत कोणी येऊ दिले नाही.

यात प्रतीत्यसमुत्पादाचा धडा आहे. कारणे जुळली की ग्रहण लागते, कारणे सरली की सुटते. कोणाचा कोप नाही, कोणाची कृपा नाही.

कोणी विचारील, त्रिपिटकातही राहू आहेच ना? होय, संयुक्त निकायातील चंदिम सुत्तात राहूने धरलेला चंद्र तथागतांना शरण जातो. पण बुद्धवचन कसे ओळखावे याची कसोटी बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात दिली आहे : जे बुद्धीला आणि तर्काला धरून असेल ते तथागतांचे मानावे. त्या कसोटीवर ही कथा त्या काळच्या लोकसमजुतीची भाषा ठरते. शिवाय दीघ निकायातील ब्रह्मजाल सुत्तात ग्रहणांची भाकिते सांगून पोट भरणे हा मिथ्या आजीव म्हटला आहे.

२०२५ चे ग्रहण ज्या पौर्णिमेला आले, तिच्या दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष सुरू झाला. दोन्ही भीती एकमेकींना धरूनच येतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे, तिचे स्मरण ठेवावे.

घरी एवढे करावे. दिवा हा सूर्य, मुलाचे डोके ही पृथ्वी आणि काडीला खोचलेले लिंबू हा चंद्र. मुलाने दिव्याकडे पाठ करून लिंबू समोर, डोक्याच्या सावलीत धरावे. ग्रहण त्याला दिसेल. लिंबू थोडे वर धरले की सावली चुकते, हेही त्याला कळेल. चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी पाहण्यास हरकत नाही. खास चष्मा लागतो तो सूर्यग्रहणाला. गरोदर बाईने वेळेवर जेवावे, औषध घ्यावे आणि मनात आले तर सर्वांबरोबर अंगणात यावे. पौर्णिमेची वंदना नेहमीच्या वेळी करावी, विहाराचे दार बंद करू नये.

पुढे ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण भारतातून दिसणार आहे. दहाच्या सुमारास चंद्र पूर्ण झाकलेला असेल. वर्षे आधी ज्याची वेळ सांगता येते, त्याला संकट कसे म्हणावे? त्या रात्री आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी गच्चीवर बसावे, आणि आजीने आपल्या लहानपणीची ती आरोळी नातवंडांना जरूर सांगावी. आपण कोठून निघालो, हे त्यांना कळले पाहिजे.

जय भीम.