बेटावरची उम्मत आणि आपली अमानत



दिव्य कुरआनच्या 'अल्-अन्आम' या अध्यायात (६:३८) जमिनीवरील प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी यांना मानवासारख्याच 'उम्मती' म्हटले आहे. हा शब्द मनात ठेवून मॉरिशसकडे पाहू या. मराठी भाषिक कुटुंबे तेथे कित्येक पिढ्या नांदत आहेत.

१५९८ मध्ये डच खलाशी त्या बेटावर उतरले आणि सुमारे शतकभरातच डोडो पक्षी कायमचा नाहीसा झाला. जहाजांतून आलेले उंदीर, डुकरे व माकडे पक्ष्यांची अंडी फस्त करू लागली. पुढे आबनूसाची वने तुटली, त्यांच्या जागी ऊस आला आणि उरलेल्या रानात परदेशी पेरू माजला. १९९० च्या सुमारास तेथील गुलाबी कबुतरे रानात जेमतेम दहा उरली होती.

मग माणसानेच हात पुढे केला. किनाऱ्याजवळच्या 'इल ओ एग्रेट' या छोट्या बेटावरील उंदीर नष्ट करण्यात आले, परकी झुडपे उपटून देशी रोपे लावली गेली, कबुतरे सोडली गेली. मूळ महाकाय कासवे नामशेष झाली होती. त्यांचे काम करण्यासाठी २००० साली अल्दाब्राची कासवे आणली गेली. ती आबनूसाची फळे खाऊन बिया पसरवतात. आज गुलाबी कबुतरे पुन्हा शेकड्यांनी आहेत.

येथे एक प्रश्न उभा राहतो: उंदीर मारणे दयेशी विसंगत नाही काय? हदीसमध्ये उपद्रवी उंदराला मारण्याची मुभा इहरामच्या स्थितीतही आहे. मात्र जीव घेतानाही विनाकारण यातना देऊ नयेत, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. म्हणजे मुभा आहे, क्रौर्याला परवानगी नाही.

परंतु उंदीर स्वतःहून आला नव्हता. त्याला माणसाच्या जहाजाने आणले. ज्याने नुकसान केले त्याने भरपाई करावी, हे फिकहचे तत्त्व आहे. केवळ उंदीर मारल्याने ही भरपाई होत नाही. उजाड रान पुन्हा उभे केल्यानेच ती होते.

लावलेल्या झाडाचे फळ पक्ष्याने खाल्ले तरी तो सदका ठरतो, हे आपण जाणतोच. म्हणून मशिदीच्या वा घराच्या अंगणात रोप लावण्यापूर्वी विचारा: हे या मातीचे आहे काय? येथील कोणता पक्षी यावर जगेल?

अल्लाह तआला आपल्याला ही अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.