मित्राकडे चालतो, माझ्याकडे कोसळतो

प्रश्न : सी भाषेत छोटा इंटरप्रिटर लिहिला आहे. रिकर्शन खोल गेलं की माझ्या विंडोजवर तो बंद पडतो. मित्राच्या लिनक्सवर मात्र चालतो. चूक कुठे असेल?
– एक विद्यार्थी, रांधा (सिल्वासा)

उत्तर : विंडोजवर स्टॅक सहसा १ एमबीचा असतो, लिनक्सवर ८ एमबीचा. मित्राचाही कोसळेल, जरा उशिरा इतकंच! डीबगरमध्ये बॅकट्रेस काढा. तीच दोन-तीन फंक्शनं पुन्हापुन्हा दिसली, तर आधी रिकर्शन थांबवणारी अट तपासा. ती बरोबर असेल, तर खोली मोजणारा काउंटर ठेवा आणि मर्यादा ओलांडताच नीट एरर द्या. पायथनही तेच करतो. त्याची मूळ मर्यादा १००० आहे. मोठे लोकल अ‍ॅरे हीपवर हलवा. नुसता स्टॅक वाढवणं म्हणजे मलमपट्टी. आणि पार्सरही तपासा : एकात एक हजारो कंस असलेली एकच ओळ त्यालाही पाडू शकते.