मिशनकार्यासाठी परदेशी जाताना

प्रश्न : आम्ही नवविवाहित आहोत. चर्चतर्फे मिशनकार्यासाठी परदेशी जायचं आहे. तयारी कशी करावी?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : पर्यटक व्हिसावर या कामासाठी जाऊ नका, अनेक देशांत धर्मकार्याचा व्हिसा वेगळा असतो. विवाह प्रमाणपत्रावर अपोस्टिल (परदेशात वापरण्यासाठीचं सरकारी प्रमाणीकरण) लागतं का, हे त्या देशाच्या दूतावासाला विचारा. पोलिस क्लिअरन्ससाठी पासपोर्ट कार्यालयाकडे अर्ज करता येतो. मानधन, आरोग्यविमा, परतीचा खर्च चर्चकडून लेखी घ्या. पत्नीची जबाबदारीही त्यात स्वतंत्र नोंदवून घ्या.

त्या देशाच्या भाषेचा अभ्यास मात्र आजच सुरू करा. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये पत्नीसह नागपुरात आले. ते मराठी शिकले, गोंडांची गाणी त्यांनी टिपून ठेवली. जिथे जाल तिथल्या माणसांना समजून घेणं हे तुमचंही पहिलं काम आहे. रोज तासभर दोघं मिळून ती भाषा बोला.