उन्हाळी सुट्टी आणि अकरावीचे जीवशास्त्र

दहावीची परीक्षा मार्चमध्ये आटोपते आणि अकरावीचे वर्ग सुरू होईपर्यंत विद्यार्थ्यांच्या हाती दोन-अडीच महिन्यांचा अवधी उरतो. विज्ञान शाखेतून पुढे वैद्यकीय, कृषी वा परिचर्या अभ्यासक्रमाकडे वळू इच्छिणाऱ्यांसाठी हा काळ मोलाचा होय. गोंदिया जिल्ह्यातील अनेक मुले-मुली या दिवसांत घरच्यांबरोबर मोहफुले वेचतात, तेंदूपाने तोडतात, पुडे बांधतात. शहरातील मुले शिकवणी वर्गाला जात असता आपण मागे पडत आहोत, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या सजीवांविषयी पुस्तकात वाचावयाचे, ते त्यांच्या हाताखालून रोज जात असतात. गरज आहे ती एका वहीची आणि डोळस निरीक्षणाची.

ओळखीच्या झाडांपासून प्रारंभ

वर्गीकरणातील लांबलचक नावांमुळे विद्यार्थी बिचकतात. अठराव्या शतकात स्वीडनचे कार्ल लिनियस यांनी सजीवांना दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत रूढ केली. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. तेंदू म्हणजे डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन, पळस म्हणजे ब्युटिया मोनोस्पर्मा. मोह आणि चिकू एकाच कुळातील आहेत. दोहोंतूनही पांढरा चीक निघतो. पळसाची चपटी शेंग त्याचे तूर-लाखोळीशी असलेले नाते सांगते. अशी दहा-पंधरा झाडे वहीत नोंदवून त्यांची पाने, फुले, फळे रेखाटावीत. जे डोळ्यांनी पाहिले, ते पाठ करावे लागत नाही.

घरातील प्रयोगशाळा

लोणच्यासाठी कैरीला मीठ लावले की पाणी सुटते, हे परासरणच. बटाट्याची एक फोड साध्या पाण्यात व दुसरी मिठाच्या पाण्यात तासभर ठेवावी. पहिली ताठ राहते, दुसरी लुळी पडते. कारण शोधताना पेशीपटलाचे कार्य उमगते. ओल्या फडक्यात धान व हरभरा मोड आणण्यास ठेवावेत. हरभऱ्याचा दाणा दोन दळांत दुभंगतो, धानाचा दुभंगत नाही. एकदल व द्विदल वनस्पतींतील भेद येथे प्रत्यक्ष दिसतो.

भाषेची अडचण

बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञानाचे अध्यापन इंग्रजीतून होते. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी विषयापेक्षा शब्दांनाच अधिक अडखळतो. यास्तव वहीत दोन रकाने करून रोज पाच संज्ञा लिहाव्यात : पेशी – सेल, केंद्रक – न्यूक्लियस, परासरण – ऑस्मोसिस, पर्णरंध्र – स्टोमा. शब्दांची फोड केल्यास अर्थ उलगडतो. ‘क्लोरो’ म्हणजे हिरवा, ‘फिल’ म्हणजे पान. म्हणून हरितद्रव्याला क्लोरोफिल. महिनाभरात दीडशे शब्द परिचयाचे होतील. दहावीच्या पुस्तकातील जीवनप्रक्रिया, पेशी व आनुवंशिकता हे भागही पुन्हा वाचावेत. अकरावी-बारावीचा अभ्यास त्यांवरच उभा राहतो.

दक्षता

निरीक्षणासाठी जंगलात एकट्याने जाऊ नये. मोहफुलांसाठी अस्वलेही येतात. २०१३ मध्ये घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात वनविभागाचे नियम पाळावेत. पक्ष्यांच्या घरट्यांना धक्का लावू नये.

पालकांनीही दिवसातील एखादा तास मुलांना, विशेषतः मुलींना, या वहीसाठी मोकळा द्यावा. महाविद्यालयाच्या पहिल्या दिवशी ती वही घेऊन जाणारा विद्यार्थी रिकाम्या हाताने गेला, असे कोणी म्हणणार नाही.